बर्फावरची वर्गोन्नती

आमच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकात शेवटच्या पानावर तीन शब्द छापलेले असत. उत्तीर्ण, वर्गोन्नत, अनुत्तीर्ण. वर्गशिक्षकांनी त्यांतले दोन खोडायचे आणि एक ठेवायचा. यांतला मधला शब्द मोठा फसवा. 'उत्तीर्ण' म्हणजे स्वतःच्या पायांनी जिना चढून गेलेला, 'अनुत्तीर्ण' म्हणजे खालीच राहिलेला, आणि 'वर्गोन्नत' म्हणजे वरच्यांनी बखोटीला धरून वर ओढलेला. आठवीतून नववीत मी असा ओढला गेलो. गणितात सात मार्क कमी पडत होते, ते कुणा उदार माणसाने पदरचे घातले. माझ्या बाकावरच्या मित्राला आठ कमी पडत होते. सातापर्यंतच घालायचे असं ठरलेलं होतं म्हणे. तो खाली राहिला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी वरच्या मजल्यावर आणि तो खालच्या. सुरुवातीला मधल्या सुट्टीत तो जिन्याखाली माझी वाट बघायचा. दिवाळीनंतर बघेनासा झाला.

साठ वर्षांनी हे सगळं आठवण्याचं कारण म्हणजे आइस हॉकी. आता तुम्ही म्हणाल, या माणसाचा आणि आइस हॉकीचा संबंध काय? मुळात माझा कुठल्याच हॉकीशी संबंध नव्हता. ध्यानचंदांचं नाव आदराने घ्यायचं आणि ऑलिंपिकमध्ये आपण हरलो की 'आता पूर्वीचं राहिलं नाही' म्हणायचं, एवढीच माझी हॉकीसेवा. बर्फाशी संबंध उसाच्या रसापुरता. पण २०२३ च्या एप्रिलअखेर मी आणि आमची ही, असे दोघे नॉटिंगहॅमला भाच्याकडे गेलो होतो. तिसऱ्या दिवशी भाचा म्हणाला, "मामा, उद्या मॅच आहे. वर्ल्ड चॅम्पियनशिप. तुझं तिकीट काढलंय. कानटोपी घे."

वर्ल्ड चॅम्पियनशिप म्हटल्यावर मी चपापलो. इतकी मोठी गोष्ट नॉटिंगहॅमला कशी, आणि तीही भाच्याला परवडेल अशा तिकिटात? तेव्हा त्याने खुलासा केला की ही वर्ल्ड चॅम्पियनशिप खरी, पण वरच्या वर्गाची नव्हे. ही खालच्या वर्गाची. इथे जे दोन पहिले येतील ते पुढच्या वर्षी वरच्या वर्गात बसणार.

वर्गाचा उल्लेख आला आणि माझे कान, कानटोपीच्या आत, टवकारले.

ही व्यवस्था थोडक्यात सांगतो. वरच्या वर्गात सोळा देश. त्यांचे आठ-आठांचे दोन गट. प्रत्येकाने गटातल्या सातही जणांशी खेळायचं. वरचे चार पुढे उपान्त्यपूर्व फेरीत जातात, आणि प्रत्येक गटातला शेवटचा, म्हणजे एकूण दोन देश, खालच्या वर्गात जातात. खालचा वर्ग म्हणजे 'डिव्हिजन एक', तुकडी अ. तिच्याखाली तुकडी ब. मग डिव्हिजन दोन, पुन्हा अ आणि ब. मग तीन, पुन्हा अ आणि ब. आणि सगळ्यांत खाली चार. आमच्या शाळेतसुद्धा इतक्या तुकड्या नव्हत्या. मंगोलिया, कुवेत, दक्षिण आफ्रिका असे, ज्यांचा बर्फाशी संबंध माझ्याइतकाच असेल असं मला वाटत होतं, तेही या शिडीवर कुठे ना कुठे खेळलेले आहेत. आपला भारत १९८९ पासून या जागतिक संघटनेचा सभासद आहे आणि लडाखात पोरं थिजलेल्या तळ्यांवर जीव तोडून खेळतात, पण आपल्या पुरुषांच्या संघाने २०२५ पर्यंत तरी या शिडीच्या शेवटच्या पायरीवरही पाय ठेवलेला नव्हता. म्हणजे आपण नापास नाही. आपण अजून शाळेत नावच घातलेलं नाही.

प्रत्यक्ष खेळाबद्दल मी काही बोलावं इतकी माझी नजर तयार नाही. त्या काळ्या रबरी चकतीला 'पक' म्हणतात. ती मला एकूण चार वेळा दिसली. त्यांतल्या दोन वेळा खेळ थांबलेला होता. खेळाडू दर मिनिटाला कुंपणावरून उड्या मारून आत-बाहेर करत होते. मला वाटलं भांडण झालं, पण ती बदली होती. जेव्हा खरोखर भांडण झालं तेव्हा मला वाटलं बदली चाललीय. दंड झालेल्या खेळाडूला काचेच्या खोलीत दोन मिनिटं बसवतात. वर्गाबाहेर उभं करण्याचाच हा प्रकार, फक्त इथे पाणी प्यायला देतात. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग, आणि मधल्या वेळात एक यंत्र बर्फ सारवून जातं. ते सारवण मला मनापासून आवडलं. आमच्या हिला तर खेळापेक्षा तेवढंच आवडलं. "किती छान निघतंय बघा," असं ती दोन्ही मध्यंतरांत म्हणाली.

त्या आठवड्यात सगळ्या गावात पताका लागल्या होत्या. मला वाटलं हॉकीसाठी. पण त्या राजाच्या राज्याभिषेकासाठी होत्या. ६ मे रोजी चार्ल्स राजेसाहेबांना चौऱ्याहत्तराव्या वर्षी वर्गोन्नती मिळायची होती. खालच्या वर्गात किती काळ बसावं याचा तो उच्चांक असावा. हॉकीचा निकाल आदल्या दिवशी लागला. ब्रिटन पहिला, पोलंड दुसरा. पोलंड २००२ नंतर प्रथमच वर चाललं होतं. भाच्याच्या मित्रांनी रस्त्यात जो काही आरडाओरडा केला तो पाहून मी म्हटलं, "जग जिंकलं का?" तर म्हणाला, "नाही मामा. सतरावे आलो."

सतरावं आल्याचा इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता. आणि इथूनच माझ्या डोक्यात या स्पर्धेचा किडा शिरला.

परत आल्यावर मी जमेल तेवढं वाचलं, भाच्याला फोन करकरून पिडलं, आणि माझं एक मत झालं. ते असं की या स्पर्धेचा वरचा भाग थोडा खोटा आहे आणि खालचा भाग संपूर्ण खरा आहे.

वरचा भाग खोटा का? ही स्पर्धा भरते मे महिन्यात. नेमकी त्याच वेळी अमेरिका-कॅनडातल्या धंदेवाईक एन. एच. एल. स्पर्धेची बाद फेरी रंगात आलेली असते. जगातले उत्तमोत्तम खेळाडू तिकडे गुंतलेले. ज्यांचे संघ तिकडे हरले तेवढेच मोकळे होऊन देशासाठी इकडे येतात. म्हणजे वधूपक्षाकडचे सगळे बडे लोक दुसऱ्या लग्नाला गेलेले, आणि तिथलं जेवण लवकर आटोपलं म्हणून जे आले त्यांच्या हस्ते इथला विडा. कॅनडाचा तर या लग्नाशी पूर्वीपासूनच मानपानाचा संबंध. १९३० साली पहिली स्वतंत्र स्पर्धा फ्रान्समध्ये शामोनीला भरली, तेव्हा बर्फच वितळला. मग वऱ्हाड उचलून बर्लिनला न्यावं लागलं. त्या स्पर्धेत बाकीचे देश एकमेकांशी झुंजले, ते अंतिम सामन्यात कॅनडाकडून कुणी हरायचं हे ठरवण्यासाठी. कॅनडा थेट अंतिम सामन्यात, तोही टोरोंटोचा एक क्लब पाठवून. जर्मनीला ६-१ हरवून पाहुणे परत गेले. पुढे धंदेवाईक खेळाडूंना घेऊ देत नाहीत म्हणून हेच पाहुणे १९७० मध्ये रुसले ते १९७७ पर्यंत आलेच नाहीत. जगज्जेतेपद सात वर्षं त्यांच्याशिवाय वाटलं गेलं.

तेव्हा सुवर्णपदकाची गोष्ट मी जरा चिमटीत धरूनच ऐकतो. पण तळाशी असलं काही नसतं. तिथे कुणाला दुसरीकडे जेवण नसतं. जे आहेत ते सगळे आलेले असतात.

२०१८ चं बुडापेस्ट घ्या. ब्रिटन आदल्याच वर्षी आणखी एक तुकडी खालून वर आलेलं. शेवटच्या दिवशी गाठ यजमान हंगेरीशी. साठ मिनिटांत बरोबरी साधली तरी एक गुण मिळतो आणि ब्रिटनला तो एकच हवा होता. शेवटची पंधरा-सोळा सेकंदं उरली तेव्हा हंगेरी २-१ ने पुढे. तेवढ्यात रॉबर्ट फार्मर नावाच्या धिप्पाड गड्याने बरोबरी केली. मग पेनल्टी शॉट्समध्ये ब्रिटन सामना हरलं, आणि हरून वर गेलं! हरलेले नाचताहेत आणि जिंकलेले माना खाली घालून उभे, असा हा जगावेगळा देखावा. १९९४ नंतर ब्रिटन प्रथमच वर चाललं होतं. आणि हे तेच ब्रिटन, ज्याने १९३६ साली ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकलं होतं. तो संघ बराचसा ब्रिटनमध्ये जन्मलेला आणि कॅनडात वाढलेला होता, ही गोष्ट भाचा हळू आवाजात सांगतो.

पुढच्या वर्षी, २०१९ ला, स्लोव्हाकियात वरच्या वर्गात काय झालं? जर्मनीकडून १-३. कॅनडाकडून ०-८. डेन्मार्ककडून ०-९. अमेरिकेकडून ३-६. स्लोव्हाकियाकडून १-७. फिनलंडकडून ०-५. सहा सामने, सहा पराभव, पाच गोल दिले आणि अडतीस घेतले. माझं आठवीचं गणिताचं प्रगतिपुस्तक याहून फार वेगळं नव्हतं. सातवा सामना फ्रान्सशी. तेही सगळे हरलेले. जो हरेल तो खाली. फ्रान्स २००८ पासून सलग वर होतं. सामना निम्मा होतो न होतो तो फ्रान्स ३-० ने पुढे. इथे कुठल्याही समंजस माणसाने गाशा गुंडाळला असता. पण ब्रिटनने तिन्ही गोल फेडले आणि जादा वेळेत बेन डेव्हिसने चौथा केला. त्या वर्षी सुवर्ण फिनलंडने जिंकलं. भाच्याच्या लक्षात ते नाही. त्याला फक्त चौथा गोल आठवतो.

त्याच्या फोनवर त्या गोलाचा दोन मिनिटांचा तुकडा आहे. तो त्याने मला कमीत कमी सहा वेळा दाखवला. सगळे एकमेकांच्या अंगावर पडताहेत, काठ्या उडताहेत. पहिल्या दोन वेळा मीही टाळ्या वाजवल्या. तिसऱ्यांदा म्हटलं, "जरा मागे घे रे. फ्रान्सवाले कुठे गेले?" त्याने मागे घेतलं. त्या दोन मिनिटांत फ्रान्सवाले नीट असे कुठे दिसेनात. "असतील बाजूला," तो म्हणाला.

आता माझी या स्पर्धेबद्दलची तक्रार सांगतो. तक्रार पाडण्याबद्दल नाही, घाईबद्दल आहे. एखादा देश वर्षानुवर्षं धडपडून वर येतो. आला की बारा महिन्यांनी, एका पंधरवड्यात, सात सामन्यांत त्याचा निकाल. समोर कोण, तर ज्यांच्या पोरांना चालण्याआधी स्केटिंग येतं असे देश. २०२३ मध्ये हंगेरी आणि स्लोव्हेनिया वर आले. दोघेही त्याच वर्षी खाली. २०२४ मध्ये आमचं ब्रिटन (बघा, मीही 'आमचं' म्हणू लागलो) आणि पोलंड वर आले. दोघेही त्याच वर्षी खाली. दोन वर्षांत चार देश चढले आणि चारही घसरले. याला वर्गोन्नती म्हणायचं की वरचा वर्ग दाखवायला नेलेली सहल? नव्या मुलाला बाक कुठला, पाण्याचा नळ कुठला हे कळायला एक वर्ष जातं. माझं म्हणणं इतकंच की वर आलेल्याला दोन वर्षं द्या. पहिल्या वर्षी पाडू नका.

भाच्याला हे अजिबात पटलं नाही. तो म्हणाला, "मामा, जपानला दोन नाही, सात वर्षं दिली होती." आणि खरंच दिली होती. १९९८ ते २००४ पर्यंत वरच्या वर्गात अतिपूर्वेकडची एक जागा राखीव असे. ती जपानला मिळे. जपानने यावं, तळाच्या आसपास राहावं आणि पुढच्या वर्षी पुन्हा यावं. २००४ नंतर ती सवलत गेली आणि जपान जे खाली गेलं, ते पुढची वीस वर्षं तरी पुन्हा वर दिसलं नाही. बसायला जागा दिली म्हणून अभ्यास होतोच असं नाही, हा मुद्दा मला नाइलाजाने लिहून घ्यावा लागला. शिवाय पडण्याची लाज फक्त धाकट्यांनाच असते असंही नाही. १९८० साली ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाला चकित करून सुवर्ण नेणारी अमेरिका १९८२ च्या जागतिक स्पर्धेत शेवटची आली आणि १९८३ साली मुकाट्याने टोकियोला 'ब' गटात खेळली. कुणी मेलं नाही.

पण माझ्याही पोतडीत एक पत्ता होता. २०२२ मध्ये रशिया आणि बेलारूस यांना युक्रेनवरच्या हल्ल्यामुळे बाहेर ठेवलं. वरच्या वर्गात दोन बाक मोकळे झाले. त्यांवर न खेळता, न जिंकता दोघांना आणून बसवलं. कोण? ऑस्ट्रिया आणि फ्रान्स. म्हणजे अस्सल, प्रगतिपुस्तकातला मधला शब्द! आणि या वर्गोन्नत ऑस्ट्रियाने त्याच वर्षी शेवटच्या सामन्यात ५-३ ने हरवून कुणाला खाली पाठवलं? ब्रिटनला. भाच्याने फोनवर बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. मला वाटलं लाइन गेली. तेच ऑस्ट्रिया २०२५ साली उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत जाऊन आलं. बखोटीला धरून ओढलेली पोरंसुद्धा कधी कधी चालू लागतात.

यावर त्याने डेन्मार्क काढलं, आणि तिथे मात्र मी गप्प झालो. १९४९ साली स्टॉकहोमला कॅनडाने डेन्मार्कला ४७-० असं हरवलं. ४७. हा हॉकीचा नव्हे, मुंबईच्या चाळीतल्या बिऱ्हाडांचा आकडा आहे. (याहून मोठाही एक आहे. १९८७ साली पर्थला ऑस्ट्रेलियाने न्यूझीलंडवर ५८ गोल केले. साठ मिनिटांत अठ्ठावन्न. त्या गोलकीपरने कामावरून घरी आल्यावर "कसा गेला दिवस?" या प्रश्नाला काय उत्तर दिलं असेल, या विचाराने मला झोप लागली नव्हती.) तर ४७ खाल्ल्यावर डेन्मार्क वरच्या वर्गात परत केव्हा आलं? २००३ साली. चोपन्न वर्षांनी! कुणी ओढलं नाही, बाक राखून ठेवला नाही. आल्या आल्या पहिल्याच सामन्यात अमेरिकेला ५-२ हरवलं, आणि कॅनडाशी २-२ बरोबरी केली. त्यानंतर २०२५ पर्यंत ते एकदाही पडलेलं नाही. आणि २०२५ च्या मेमध्ये स्वतःच्या घरी, हर्निंगला, उपान्त्यपूर्व फेरीत समोर कॅनडा. त्यात क्रॉस्बी, त्यात मॅकिनन, म्हणजे या खेपेला बडे पाहुणेही आलेले. शेवटच्या अडीच मिनिटांपर्यंत कॅनडा १-० ने पुढे, आणि तेवढ्या वेळात डेन्मार्कने दोन गोल करून कॅनडाला घरी पाठवलं. पुढे उपान्त्य सामन्यात स्वित्झर्लंडने त्यांना ७-० धुतलं, पण त्याला कोण विचारतो?

म्हणजे माझी दोन वर्षांची सूचना डेन्मार्कला लागली नाही, जपानला उपयोगी पडली नाही, आणि ऑस्ट्रियाला जो फायदा झाला तो कुणी नियम म्हणून दिलेला नव्हता. शिवाय त्याच २०२५ मध्ये आदल्या साली खालून आलेले हंगेरी आणि स्लोव्हेनिया दोघेही वर टिकले, त्यामुळे माझं चारांपैकी चारांचं गणितही मोडलं. गणिताने मला आयुष्यात कधीच साथ दिलेली नाही. तरी मी सूचना मागे घेतलेली नाही. कारण या सगळ्या हिशोबात जे वर गेले आणि टिकले त्यांचीच नावं आहेत. पोलंड एकवीस वर्षं झटलं, एक वर्ष वर बसलं आणि उतरलं. पोलंडच्या पोरांना आणखी एक वर्ष मिळतं तर काय झालं असतं, हे डेन्मार्ककडे बघून सांगता येत नाही.

त्याच वर्षी ब्रिटन पुन्हा वर गेलं. रोमानियात स्पर्धा होती, पहिला नंबर, इटली दुसरा. भाच्याचा फोन आला तेव्हा आमच्याकडे मध्यरात्र उलटली होती. आमची ही दचकून उठली. इतक्या रात्री फोन म्हणजे काहीतरी वाईट, ही आमच्या पिढीची समजूत.

"मामा, चढलो!"

"पुन्हा?"

"पुन्हा!"

महिन्याभराने वरच्या वर्गाचाही निकाल लागला. तेव्हा मीच फोन केला. अमेरिकेने १९३३ नंतर प्रथमच या स्पर्धेचं सुवर्ण नेलं होतं आणि भाच्याला त्याबद्दल बोलायचं होतं. मी म्हटलं, "ते राहू दे. खाली कोण गेलं?"

"कझाकस्तान," तो म्हणाला, "आणि फ्रान्स."

"फ्रान्स? म्हणजे आपण तेव्हा पाडलं तेच? मग ज्यांना ओढून वर घेतलं, ते?"

"तेच. का रे?"

"काही नाही," मी म्हटलं. "त्यांची पुढची मॅच कुठे आहे ते मला कळव."